बालकांच्या बाह्यकर्णातील जन्मजात व्यंग : आकलन व उपचार यांचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : महाराष्ट्र व पालघर जिल्हा)

प्रस्तावना

मराठी समाजात नवजात बालकाच्या कानाकडे फार लवकर लक्ष दिले जाते. अनेक घरांत बाराव्या दिवशी, बारशाच्या सुमारास, सोनाराकडून बाळाचे कान टोचून घेण्याची प्रथा आहे. 'सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत' ही म्हण या प्रथेतूनच आली. कान हा अलंकाराचा अवयव आहे, त्याचप्रमाणे तो श्रवणाचा अवयव आहे; परंतु या दोन बाजूंकडे समाजाने आणि वैद्यकानेही सारख्याच दृष्टीने पाहिले असे म्हणता येत नाही.

काही बालके अपूर्ण, दुमडलेला किंवा अगदी लहान कान घेऊन जन्माला येतात. बाह्यकर्ण खुरटलेला असण्याच्या व्यंगास वैद्यकात 'मायक्रोशिया' म्हणजे लघुकर्णता असे म्हणतात. जगातील निरनिराळ्या प्रदेशांतील नोंदींनुसार याचे प्रमाण दर १० हजार जन्मांमागे साधारण एक ते चार इतके आढळते. हे व्यंग मुलींपेक्षा मुलांत आणि डाव्या कानापेक्षा उजव्या कानात अधिक दिसते. कानाचे सर्व भाग असूनही आकार बिघडलेला असणे हे याहून पुष्कळच सामान्य आहे.

भारतीय शल्यपरंपरेचा गौरव करताना कान व नाक पुन्हा घडविण्याच्या प्राचीन कौशल्याचा उल्लेख हमखास होतो. तथापि, हे कौशल्य प्रामुख्याने कोणत्या कानासाठी होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. 'गमावलेला कान' आणि 'न घडलेला कान' यांचा इतिहास एक नसून दोन आहेत, हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन होय.

उद्दिष्टे

१) बाह्यकर्णाच्या जन्मजात व्यंगांविषयीच्या आकलनात झालेले बदल अभ्यासणे.
२) उपचारपद्धतींच्या विकासातील महत्त्वाचे टप्पे व त्यातील महाराष्ट्राचे योगदान पाहणे.
३) पालघर जिल्ह्याच्या संदर्भात या इतिहासाचे वर्तमानकालीन महत्त्व स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

गमावलेला कान : प्राचीन शल्यपरंपरा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेध व कर्णबंध या विषयांना वाहिलेला आहे. संहितेच्या कालनिश्चितीबाबत विद्वानांत मतभेद असले, तरी कानासंबंधीच्या शल्यकर्माचे हे अत्यंत प्राचीन आणि तपशीलवार वर्णन आहे, याविषयी दुमत नाही. बालकाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्ल पक्षात टोचावेत. मुलाचा उजवा कान आधी, तर मुलीचा डावा आधी टोचावा. वेध घेताना सूर्यप्रकाश आरपार दिसेल अशी नैसर्गिक जागा निवडावी, असे तेथे सांगितले आहे. रक्षण आणि भूषण हे कर्णवेधाचे दोन हेतू मानले आहेत.

छिद्र वाढविण्यासाठी वजन अडकविले की पाळी फाटण्याचा संभव असे. अशा पाळीच्या जोडणीचे १५ प्रकार या अध्यायात येतात. पाळी मुळीच उरली नसेल तर गालाचे जिवंत मांस, त्याचे एक टोक गालाशी जोडलेलेच ठेवून, वळवून नवी पाळी करावी, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची सूचना होय. रक्तपुरवठा कायम राखून त्वचा सरकविणे हे आधुनिक सुघटनशल्याचे मूलतत्त्व येथे स्पष्टपणे दिसते.

तथापि, याच अध्यायातील एका वर्गीकरणाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सुश्रुताने १५ प्रकारांपैकी दहा साध्य मानले आणि 'संक्षिप्त', 'हीनकर्ण', 'वल्लीकर्ण', 'यष्टिकर्ण' व 'काकौष्ठक' हे पाच असाध्य ठरविले. या पाच प्रकारांची वर्णने सुकलेला भाग, क्षीण मांस, आधार नसलेली किंवा अगदी आखूड पाळी अशा स्वरूपाची आहेत. जेथे जोडण्यासाठी पुरेसे मांसच नाही, तेथे शल्यकर्म थांबते, असा त्याचा अर्थ लावता येतो. हे पाच प्रकार जन्मजात व्यंगांचे आहेत असे संहितेत म्हटलेले नाही. परंतु ज्या मर्यादेवर ते असाध्य ठरले, त्याच मर्यादेपलीकडे खुरटलेला जन्मजात कानही येतो.

ही परंपरा ग्रंथांपुरतीच उरली नव्हती. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रज सैन्याकडे बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ कुंभार समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक घडविले. मुंबई इलाख्यातील इंग्रज शल्यचिकित्सकांनी हे कर्म पाहिले आणि त्याचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आले. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये अशीच शस्त्रक्रिया केली. येथेही अवयव शिक्षेने वा युद्धाने गमावलेला होता, ही बाब लक्षणीय आहे. गमावलेल्या अवयवामागे अन्यायाची कथा असते; तो परत मिळविणे ही प्रतिष्ठेची पुनःस्थापना ठरते. न घडलेल्या अवयवाची कथा मात्र वेगळ्या दिशेने गेली.

न घडलेला कान : दोष कोणाचा?

सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्याधींचे सात प्रकार दिले आहेत. त्यांपैकी 'जन्मबलप्रवृत्त' या प्रकारात पांगळेपणा, जन्मांधत्व, बहिरेपणा, मुकेपणा, खुजेपणा इत्यादींचा समावेश असून त्यांचे कारण मातेचा अपचार, म्हणजे गर्भारपणातील तिचे चुकीचे वर्तन, असे सांगितले आहे. आहाररसाचा दोष आणि अपुरे राहिलेले डोहाळे असे त्याचे दोन पोटभेद आहेत. गर्भावस्थेतील घटनांचा बालकाच्या घडणीशी संबंध जोडणारा हा विचार त्या काळाच्या मानाने बुद्धिनिष्ठ होता, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याचा सामाजिक परिणाम असा की व्यंगाचा शोध आईपाशी येऊन थांबला.

लोकसमजुतींनी हीच दिशा पुढे नेली. गर्भवतीने ग्रहण पाळावे, त्या वेळी विळी-सुरीला हात लावू नये, काही चिरू नये, हा संकेत महाराष्ट्रात सर्वदूर आढळतो. बालकाचा ओठ फाटलेला किंवा कान अपुरा असला की 'ग्रहणात काही कापले असेल' असे म्हटले जाते. या समजुतीमागे एका अनाकलनीय घटनेला कारण देण्याची मानवी गरज आहे. परंतु कारण सापडल्याचा भास झाला की उपाय शोधण्याची निकड उरत नाही. सून कुठे चुकली, हे घरात ठरते. बाळाला ऐकू येते का, हा प्रश्न मागे पडतो.

गर्भविज्ञानाचा निर्णय

या प्रश्नाला वैज्ञानिक उत्तर मिळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८८५ मध्ये विल्हेल्म हिस या शरीररचनाशास्त्रज्ञाने मानवी गर्भाच्या कानाची घडण सहा छोट्या उंचवट्यांपासून होते असे दाखविले. गर्भाच्या पहिल्या व दुसऱ्या ग्रसनी-कमानीवर प्रत्येकी तीन उंचवटे पाचव्या-सहाव्या आठवड्यात दिसू लागतात. ते एकमेकांत मिसळून बाह्यकर्ण आकाराला येतो. कर्णनलिका आणि मध्यकर्णाची हाडेही याच परिसरातून तयार होतात. अंतःकर्ण मात्र स्वतंत्र कर्णपुटिकेपासून बनतो.

या एका तथ्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की अनेक स्त्रियांना गर्भधारणेची नुकती खात्री होत असते, त्याच काळात कानाची पायाभरणी झालेली असते. सातव्या महिन्यातील ग्रहणाने किंवा विळीने त्यात बदल होणे शक्य नाही. दुसरा निष्कर्ष उपचाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. बाह्यकर्ण खुरटलेला आणि नलिका बंद असली, तरी अंतःकर्ण बहुधा शाबूत असतो. अशा कानाने ध्वनी हवेच्या मार्गाने आत जात नाही. परंतु कवटीच्या हाडातून कंपन पोहोचविल्यास तो ऐकू येऊ शकतो.

बाह्य कारणांचा प्रभाव किती सूक्ष्म वेळेवर अवलंबून असतो, हे थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेने दाखवून दिले. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले हे औषध गर्भवतींच्या मळमळीवर दिले जाई. १९६१ मध्ये जर्मनीत विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी त्याचा व्यंगांशी असलेला संबंध पुढे आणला. हातापायांच्या व्यंगांमुळे ही घटना जगभर गाजली. परंतु संवेदनशील काळाच्या अगदी आरंभी हे औषध घेतलेल्या मातांच्या बालकांत बाह्यकर्णाचा अभावही आढळला. दोष मातेच्या वर्तनाचा नव्हता, पुरेशी चाचणी न करता विकलेल्या औषधाचा होता. काही बालकांत कानाचे व्यंग ट्रीचर कॉलिन्स किंवा गोल्डनहार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लक्षणसमूहांचा भाग असते. मात्र केवळ कानापुरते मर्यादित असलेल्या बहुतेक प्रकरणांत निश्चित कारण सापडत नाही, आणि आईला दोषी धरण्यास तर कोणताच आधार उरत नाही.

बरगडीतून कान

सुश्रुताने आखलेली असाध्यतेची रेषा विसाव्या शतकात पुसट झाली. बाह्यकर्णाचा आकार त्वचेने नव्हे, आतील कूर्चेने धरून ठेवलेला असतो. त्यामुळे केवळ त्वचा वळवून पूर्ण कान तयार होत नाही. आत कूर्चेचा सांगाडा लागतो. पहिल्या महायुद्धानंतर हॅरॉल्ड गिलीज यांनी बरगडीची कूर्चा कोरून कानामागील त्वचेखाली बसविण्याचा मार्ग अवलंबिला. रॅडफर्ड टँझर यांनी १९५९ मध्ये रुग्णाच्याच बरगडीच्या कूर्चेपासून संपूर्ण कान घडविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे बर्ट ब्रेंट यांनी १९७० च्या दशकापासून ती अनेक टप्प्यांत परिष्कृत केली, तर जपानच्या सातोरू नागाता यांनी १९९३ मध्ये ती दोन टप्प्यांत आणली.

या शस्त्रक्रियेसाठी बरगडीत पुरेशी कूर्चा असावी लागते. त्यामुळे पद्धतीनुसार बालक सहा ते दहा वर्षांचे होईपर्यंत वाट पाहावी लागते. शस्त्रक्रिया एकाहून अधिक असतात, खर्च व अनुभवी शल्यचिकित्सक दोन्ही लागतात, आणि नव्या कानाने दिसण्याचा प्रश्न सुटला तरी ऐकण्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

महाराष्ट्राचे योगदान

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र हे भारतीय सुघटनशल्याचे एक प्रमुख केंद्र बनले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी या शाखेचा पाया घातला. दुभंगलेल्या ओठ व टाळूचे त्यांनी १९७५ मध्ये मांडलेले वर्गीकरण 'नागपूर वर्गीकरण' म्हणून ओळखले जाते.

कानाच्या संदर्भात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर अंतिया यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये गिलीज यांच्याकडे प्रशिक्षण घेऊन परतलेल्या अंतियांनी कुष्ठरोग्यांच्या विद्रूप चेहऱ्यांवरील शस्त्रक्रियांना आयुष्यातील मोठा काळ दिला. १९६७ मध्ये त्यांनी व्ही. आय. बुच यांच्यासह कानाच्या कडेवरील तुटीसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. कानाची कड त्वचा आणि कूर्चेसह मोकळी करून दोन्ही बाजूंनी पुढे सरकवावी व तूट भरून काढावी, असे तिचे स्वरूप आहे. 'अंतिया-बुच' या नावाने ती आजही जगभर वापरली जाते. तथापि, हेही योगदान मुख्यतः इजा, चावा किंवा गाठ यांमुळे गमावलेल्या भागासाठी होते. त्या अर्थाने सुश्रुताच्या पाळीपासून मुंबईच्या या पद्धतीपर्यंत एक अखंड धागा दिसतो.

अंतियांच्या कार्याची दुसरी बाजू येथे अधिक उपयुक्त ठरते. १९७० च्या दशकात त्यांनी अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेचा प्रयोग केला आणि १९७५ मध्ये 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' ही संस्था स्थापन केली. आजाराचा मोठा भाग शस्त्रक्रियागृहाबाहेर, गावातील प्रशिक्षित स्त्रीच्या हाती सोपविता येतो, ही त्यांची धारणा होती. जन्मजात व्यंग असलेल्या कानाच्या बाबतीत तिचे महत्त्व पुढील संशोधनाने अधोरेखित केले.

पहिले तीन आठवडे

१९८० च्या दशकात जपानमध्ये या विषयाला वेगळे वळण मिळाले. मात्सुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नवजात बालकांचे वाकडे कान शस्त्रक्रियेविना सुधारता येतात, असे दाखवून दिले. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून आलेल्या इस्ट्रोजेन संप्रेरकाचे प्रमाण बाळाच्या रक्तात जास्त असते. त्यामुळे कूर्चा मऊ व घडविता येण्याजोगी राहते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. या काळात कान योग्य आकारात आधार देऊन काही आठवडे सतत धरून ठेवला, तर तो आकार टिकतो. पहिल्या आठवड्यात आरंभ केल्यास यश सर्वाधिक मिळते, तिसऱ्या आठवड्यानंतर ते घटते आणि काही महिन्यांनी ही संधी जवळजवळ संपते.

येथे दोन प्रकारांतील भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ज्या कानात सर्व भाग आहेत पण ते दुमडलेले, वाकलेले किंवा त्वचेखाली दबलेले आहेत, त्यास हा उपचार लागू पडतो. ज्या कानात मुळातच ऊती अपुऱ्या आहेत, त्या लघुकर्णाला केवळ आधार देऊन पूर्ण करता येत नाही. मात्र अशा बालकाची श्रवणचाचणी लगेच होणे आवश्यक असते. दोन्ही कानांच्या नलिका बंद असतील, तर डोक्यावरील मऊ पट्ट्यात बसविलेले अस्थिवहन श्रवणयंत्र पहिल्या काही महिन्यांतच देता येते. अन्यथा भाषा शिकण्याचा अमूल्य काळ वाया जातो. एकाच कानाचे व्यंग असेल तर वाचा बहुधा येते. पण गोंगाटाच्या वर्गात शिक्षकांचे बोलणे निसटते, आवाज कोठून आला हे कळत नाही. अशा मुलाचा चांगला कान शिक्षकांकडे राहील असे त्याला बसविणे, एवढ्या साध्या उपायानेही फरक पडतो.

नवजात शरीर मऊ असते व त्यास आकार देता येतो, ही कल्पना मराठी घरांना परकी नाही. बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई तेल लावताना नाक चिमटीत धरून सरळ करते, डोके गोल करते. या प्रथेने व्यंग सुधारते असा दावा करता येत नाही. ओढाताण झाल्यास अपायही होऊ शकतो. आधुनिक पद्धतीचे यश क्षणभराच्या दाबात नसून अखंड आणि योग्य आधारात आहे. पण बाळाचे शरीर पहिल्या दिवसांत निरखून पाहणारी दृष्टी समाजात पूर्वीपासून आहे, हे महत्त्वाचे.

पालघर जिल्हा : एक संधी

बालकांमधील जन्मजात व्यंग, आजार, कमतरता व विकासातील विलंब लवकर शोधण्यासाठी केंद्र शासनाने 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' हाती घेतला. त्याचा राष्ट्रीय पातळीवरील शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथेच झाला. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र पालघर जिल्हा अस्तित्वात आला व वसई तालुका त्यात समाविष्ट झाला.

या कार्यक्रमाच्या मूळ यादीत ३० आरोग्यस्थिती असून त्यांपैकी नऊ जन्मजात व्यंगे आहेत. दुभंगलेला ओठ व टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात बहिरेपणा, हृदयविकार यांचा त्यात समावेश आहे. बाह्यकर्णाच्या व्यंगाचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील श्रवणदोषाच्या व्याख्याही दोन्ही कानांतील ऱ्हासावर आधारलेल्या आहेत. परिणामी एका कानाचे व्यंग असलेले बालक व्यंगांच्या यादीत ठळकपणे येत नाही आणि दिव्यांगत्वाच्या व्याख्येतही बसत नाही. प्राचीन वर्गीकरणात जे असाध्य ठरले, ते आधुनिक वर्गीकरणात अनुल्लेखित राहिले, असे म्हणता येईल.

वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना २००९ मध्ये झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. एकीकडे रेल्वेने मुंबईशी जोडलेली शहरी वस्ती, तर दुसरीकडे तालुक्याच्या पूर्वेकडील आदिवासी पाडे, असे येथील चित्र आहे. विरारहून चर्चगेट ६० किलोमीटरवर आहे. मुंबईतील मोठी रुग्णालये आणि वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर आहेत. प्रश्न अंतरापेक्षा वेळेचा आहे. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही, आणि कान सुधारण्याची मुदत त्याच सव्वा महिन्यात संपते.

मात्र याच काळात आशा कार्यकर्ती घरी येते. नवजात बालकाच्या गृहभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. यांपैकी पहिल्या चार भेटी कान सुधारण्याच्या मुदतीत येतात. दोन्ही कान सारखे आहेत का, छिद्र उघडे आहे का, कड दुमडलेली आहे का, या तीन गोष्टी पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. बाराव्या दिवशी कान टोचण्यासाठी येणाऱ्या सोनाराचीही नजर त्याच अवयवावर असते.

निष्कर्ष

१) भारतीय शल्यपरंपरेचे कानासंबंधीचे कौशल्य निःसंशय थोर होते, परंतु ते प्रामुख्याने गमावलेल्या कानासाठी होते. न घडलेल्या कानाची जबाबदारी दीर्घकाळ मातेवर टाकली गेली.

२) १८८५ नंतरच्या गर्भविज्ञानाने मातेला या आरोपातून मुक्त केले; १९५९ नंतरच्या शल्यशास्त्राने असाध्यतेची रेषा मागे सारली; १९८४ नंतरच्या संशोधनाने काही व्यंगांचा उपचार शस्त्रक्रियागृहातून बाळंतिणीच्या खोलीत आणला.

३) त्यामुळे या इतिहासातील निर्णायक व्यक्ती आता केवळ शल्यचिकित्सक राहिलेला नाही. बाळाला प्रथम हातात घेणारी परिचारिका, गृहभेटीस येणारी आशा आणि घरातील आजी यांच्या नजरेवर पुष्कळ काही अवलंबून आहे.

४) ज्या पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, तेथेच बाह्यकर्णाच्या तपासणीचा गृहभेटींत समावेश करून पाहणे उचित ठरेल. त्यासाठी नवी यंत्रणा नको. असलेल्या यंत्रणेला काय पाहावे हे सांगणे पुरेसे आहे.

बाळाचा कान अपुरा दिसल्यावर मराठी घरात आजवर 'गर्भारपणात काय चुकले?' असे विचारले गेले. त्याऐवजी 'बाळ किती दिवसांचे आहे, आणि त्याला ऐकू येते का?' असे विचारले जाऊ लागेल, तेव्हा या इतिहासाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.